एक शब्द, नऊ पट्ट्या

वाचताना अडखळणाऱ्या मुलांना मी इंग्रजी शिकवते, एका वेळी एकालाच. त्या दिवशी अकरा वर्षांचा माझा विद्यार्थी हातात चिठ्ठी घेऊनच आला. कान दाखवायला गेला होता, तिथल्या दारावरची पाटी वाचता येईना, म्हणून एकेक अक्षर बघून उतरवून आणलं होतं: ओटोरायनोलॅरिंगॉलॉजिस्ट. इंग्रजीत २१ अक्षरं!

आमची पद्धत ठरलेली. शब्द सावकाश म्हणायचा, प्रत्येक ठोक्याला टाळी आणि प्रत्येक टाळीला कागदाची एक पट्टी. ओ-टो-राय-नो-लॅ-रिन्-गॉल्-ओ-जिस्ट. ९ पट्ट्या झाल्या. तीनदा अडखळला, चौथ्यांदा सलग म्हणाला. मला भरून आलं. तो मात्र पट्ट्यांकडेच बघत होता. "पण म्हणजे काय?"

मी सांगणार, तेवढ्यात त्याने तिसरी आणि चौथी पट्टी एकमेकींना चिकटवली. "मॅडम, यात गेंडा आहे!"

होताच की. रायनो म्हणजे ग्रीकमध्ये नाक. ऱ्हायनोसेरॉस म्हणजे नाकावर शिंग असलेला. मग ओटो म्हणजे कान, हेही सांगितलं. लॅरिंग म्हणजे घशातलं स्वरयंत्र, पण इथे गाडी अडली. 'लॅ' आणि 'रिन्' जवळ आणल्या तरी 'लॅरिंग' पुरा होईना, कारण त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा जी 'गॉल्'च्या पट्टीत जाऊन बसला होता. उच्चार जिथे तुटतो तिथेच अर्थ तुटेल असं नाही, हे मला ठाऊक होतं. पण टाळ्यांच्या नादात मी ते मुलांना कधी दाखवलंच नव्हतं.

त्याने कात्री मागितली आणि ती पट्टी जीच्या पुढे कापली. मागे उरलं ऑलॉजिस्ट, म्हणजे त्या विषयाचा जाणकार. मग प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवत तो म्हणाला, "कान... नाक... घसा!" क्रमसुद्धा तोच. समासाची फोड करावी तसा शब्द टेबलावर मोकळा झाला होता.

आता कात्री हातातून सुटेना. त्याने हेलिकॉप्टर लिहिलं आणि हेली-कॉप्टर असं कापायला निघाला. मी थांबवलं. हेलिको म्हणजे मळसूत्रासारखं, प्टर म्हणजे पंख. त्याने 'प्टर' दोनदा पुटपुटून पाहिलं.

"डायनोसॉरच्या काळातल्या त्या उडणाऱ्या टेरोडॅक्टिलच्या सुरुवातीला असतो तो मुका पी?"

"तोच. तिथेही पंखच."

"पण इथे तर तो बोलतो!"