मींड सुटली, पण डी तारेवरच

मागच्या खेपेला लिहिलं होतं, शुद्ध कल्याण रागावरच्या माझ्या वाद्यवृंद-रचनेच्या पहिल्या भागाचं ऑर्केस्ट्रेशन (कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहिणं) संपलं. संपलं नव्हतं. रविवारी कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या माडीवर तीन व्हायोलिन आणि एक चेलो बसवून बार ४१ ते ५६ वाजवून घेतले, आणि प ते ग ची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) ऐकून घशाला कोरड पडली.

सगळा भाग या जागेवर उभा आहे. शुद्ध कल्याणचा आरोह भूप रागाचा. उतरताना मात्र सां-ध मध्ये निषाद आणि प-ग मध्ये तीव्र मध्यम मींडेतून निसटता लागतो. तो ठळक झाला की यमन डोकावतो, हरवला की नुसता भूप. गायक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, त्या गावात ही जागा ढिली सोडवत नाही. माझी संगणकावरची साउंड लायब्ररी मींडेऐवजी पायऱ्या वाजवते, म्हणून दोन महिने दोष तिच्यावर ढकलला. पण माणसांनी वाजवलं तरी तेच: प, आणि खटकन ग.

तिघा व्हायोलिनवाल्यांतल्या काकांनी गज खाली केला. "अरे, तुझा प म्हणजे मोकळी ए तार. तिच्यावरनं खाली घसरायचं कुठं?"

सा डी धरलाय, म्हणून पंचम थेट ए वर येतो! 'सुल डी' (म्हणजे डी तारेवरच वाजवा) लिहिलं. काकांनी डी तारेवर वरून एकाच बोटाने उतरवलं. तो जाडसर पंचम, आणि त्यातून मध्यम नुसता चाटून गेला. चार वेळा वाजवायला लावलं.

मग तिघांचे वेग तीन. एक लगेच निघाला, एक शेवटच्या मात्रेपर्यंत थांबला. ग्लिसांडोची (घसरत जायची) रेघ कुठून कुठे ते सांगते, कधी ते नाही. संगीतकार झेनाकिसने 'मेटास्टासिस' या रचनेमध्ये (१९५३-५४) ४६ तंतुवादकांना ४६ वेगळे पार्ट (ज्याचे त्याचे स्वरलेखाचे कागद) दिले, ते उगाच नाही. मी दांडीविना स्वर घालून तिसऱ्या मात्रेवर मध्यम दाखवणार होतो. पण हे लिहितानाच सुचतंय: पूर्ण वाद्यवृंदातल्या बाराही व्हायोलिनवाल्यांनी घसरायचंच कशाला? पहिल्या डेस्कच्या (सर्वांत पुढे बसणाऱ्या) दोघांनी मींड घ्यावी, बाकीच्यांनी प अगदी हळू धरून ठेवावा आणि ग वर येऊन मिळावं. आज रात्री तसंच लिहून बघतो.

सा ई फ्लॅट करा, म्हणजे पंचम मोकळ्या तारेवर येणार नाही, असं काहींनी सुचवलं होतं. नाही करणार. चेलो-डबल बासच्या मोकळ्या डी आणि ए तारा हाच माझा तंबोरा. रविवारी चेलोवाल्याने घोडीच्या अगदी जवळ गज फिरवला, तर घरच्या मिरजेच्या तंबोऱ्याची जवारीच (तारेची ती झणझणती गुंज) आठवली.

पार्ट छापताना मात्र सांभाळा. यावेळच्या छपाईत स्टाफच्या (स्वर लिहायच्या) रेघा इतक्या पुसट आल्या की बार ५० अंदाजानेच वाजला. पुढचे पार्ट जाड कागदावर, ए-थ्री.

सां-ध ए तारेवर आपसूक बसते, तिला हात लावत नाही. बार ५७ चा हॉर्न तूर्त काढलाय. ग वर येणाऱ्या व्हायोलिनना जागा हवी. कोल्हापूर-सांगलीत व्हायोला वाजवणारं कुणी असेल तर कळवा, पुढच्या रविवारी पुन्हा बसतोय.