पगडी बॅगेतच राहिली

13 डिसेंबर 2007, गुरुवार. न्यूयॉर्कहून विमान घेऊन आम्ही सॅन फ्रान्सिस्कोला उतरलो. कॅप्टन शनिवारी साठ वर्षांचे होणार होते, म्हणजे दुसऱ्या दिवशीची परतीची फ्लाइट त्यांची शेवटची. अमेरिकेत 1960 पासून नियमच होता, साठावा वाढदिवस आला की एअरलाइनच्या कॉकपिटमधून बाहेर. त्यांची बायको मुद्दाम त्या फ्लाइटने येणार होती. न्यूयॉर्कला अग्निशमन दल पाण्याची कमान धरणार होतं. मी आईकडून पुणेरी पगडी मागवली होती, विमान गेटला लागलं की त्यांच्या डोक्यावर ठेवायची म्हणून.

रात्री जेवताना त्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा घातला.

"सही झाली. पासष्ट." म्हणजे निवृत्तीचं वय साठवरून पासष्ट करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली होती.

मी अभिनंदन केलं, अगदी मनापासून. त्यांची अर्धीअधिक पेन्शन कंपनीच्या दिवाळखोरीत बुडाली होती आणि धाकटी मुलगी अजून कॉलेजात होती. ही पाच वर्षं त्यांना हवीच होती.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "कॅप्टन व्हायला तुझ्या पुढे किती जण आहेत?"

"अकरा."

त्यावर ते काही बोलले नाहीत.

आमच्या धंद्यात सगळं सीनिऑरिटी नंबरवर चालतं. तुम्ही विमान किती चांगलं उडवता याला तिथे किंमत नाही, कंपनीत कोणत्या तारखेला लागलात एवढंच बघतात. कोणतं विमान, कोणता बेस म्हणजे कोणत्या शहरातून उडायचं, दिवाळीला सुट्टी की नाही, सगळं त्या नंबरावर. दुसऱ्या कंपनीत गेलात तर पुन्हा तळापासून सुरुवात. मोठ्या विमानाचा एक कॅप्टन निवृत्त झाला की खालपर्यंत एकेक माणूस वर सरकतो आणि शेवटी एखाद्या नव्या पोराला नोकरी लागते. त्या रात्री हे सरकणंच थांबलं. पाच वर्षं वयामुळे कोणी जाणार नव्हतं.

मी तेव्हा रिझर्व्हवर, म्हणजे राखीव वैमानिक होतो. न्यूयॉर्कच्या क्यू गार्डन्समधल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही आठ वैमानिक बंक बेडवर झोपायचो, उशाशी फोन, पायाशी इस्त्री केलेला युनिफॉर्म. कधी बोलावतील याचा नेम नाही. मुलाचे पहिले दोन वाढदिवस मी फोनवरच ऐकले होते. कॅप्टन झालो की हे संपेल, असं बायकोला सांगत आलो होतो. त्या रात्री तिला फोन करायला बराच वेळ लावला.

म्हाताऱ्यांनी उडवू नये असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण वय टप्प्याटप्प्याने वाढवलं असतं तर थोडी तरी माणसं निवृत्त होत राहिली असती. एका सहीत पाच वर्षं वाढवली आणि त्याचा सगळा भार यादीच्या तळाशी असलेल्यांवर टाकला. क्रूर तर इतकं की आमच्याच बेसचे दुसरे एक कॅप्टन आदल्या दिवशी, 12 तारखेला, साठ पूर्ण करून घरी गेले होते. कायद्याप्रमाणे त्यांना परत यायचं तर नवा नोकरदार म्हणून, माझ्याही खाली.

शुक्रवारी आम्ही परत आलो. पाण्याची कमान रद्द झाली होती. कॅप्टनच्या बायकोने आणलेला केक गेटजवळ सगळ्यांनी उभ्या उभ्या खाल्ला. त्यावर निळ्या क्रीममध्ये 'हॅपी रिटायरमेंट' लिहिलेलं होतं. तिने सुरीने पहिला तुकडा कापला तो नेमका त्या अक्षरांवरून, आणि माझ्या हातात दिला. पगडीचा डबा मी बाहेर काढला नाही.

पुढे 2008 ची मंदी आली. कपात तळापासून झाली आणि मी दोन वर्षं बिनपगारी घरी बसलो. माझ्या वरच्यांपैकी कोणी निवृत्त झाले असते तर कदाचित वाचलो असतो. 2023 मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने निवृत्तीचं वय सदुसष्ट करण्याची तरतूद असलेलं विधेयक मंजूर केलं, तेव्हा माझ्या पोटात तोच गोळा आला. 2024 च्या अंतिम कायद्यात ती तरतूद राहिली नाही. त्या वेळी मी स्वतः डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटवर होतो, पण शेजारी बसलेल्या को-पायलट मुलीचा चेहरा मला दिसत होता.

पगडी कॅप्टनना दिली ती डिसेंबर 2012 मध्ये, ते पासष्टचे झाले तेव्हा. त्या फ्लाइटलाही त्यांचा को-पायलट मीच होतो.