मालवण: रॉक गार्डन, चिवला आणि भांगाची ओहोटी

आधी निकाल, मग हकीकत. मालवणच्या रॉक गार्डनमधून खडकांवर उतरून किनाऱ्या-किनाऱ्याने चिवल्याला जायचा बेत कुणी सुचवला तर पंचांग उघडल्याशिवाय हो म्हणू नका. रस्त्याने जा. रस्त्याने पंधरा-वीस मिनिटांत माणूस चिवल्याच्या वाळूत उभा असतो. आम्हाला दीड तास लागला, माझ्या उजव्या तळहाताची चाळण झाली आणि भाच्याची एक सँडल अजून तिथल्याच कुठल्या तरी कपारीत आहे.

खापर फोडायचं तर अर्ध्या मिनिटाच्या एका व्हिडिओवर. त्यात एक तरुण अनवाणी, हात खिशात घालून, कोरड्या खडकांवरून टुणटुण चालत जातो आणि बघता बघता चिवल्याच्या वाळूत उतरतो. खाली लिहिलेलं, "सोपा ट्रेक, ओहोटीला जा." बस, एवढंच. कुठली ओहोटी, ते नाही.

मी अगदीच घाटावरचा अडाणी नाही. राहतो कोल्हापुरात, पण आजोळ देवगडकडचं, त्यामुळे पाण्याचा हिशेब लहानपणी कानावर पडलेला. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, आणि तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कामापुरता हिशेब बरोबर येतो. आम्ही गेलो तो दिवस मार्गशीर्षातल्या अष्टमीचा. आठ पाउणे सहा. म्हणजे भरती सहाला, ओहोटी भर दुपारी बाराला. साडेअकराला निघू, साडेबाराला चिवल्यावर, एकला जेवायला. ताईला हे गणित मी फार ऐटीत समजावून सांगितलं. तिने मान डोलावली आणि मिसेससोबत बागेतल्या बाकावर जाऊन बसली. खडकात उतरलो मी आणि भाचा.

गणित चुकलं नव्हतं. पाणी बाराच्या सुमारासच सर्वांत खाली होतं. पण ते "खाली" म्हणजे किती, हे मी विसरलो होतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. तेव्हा भरती खूप चढते आणि ओहोटीही तितकीच लांब जाते. सप्तमी-अष्टमीला असतो भांग. सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, त्यामुळे पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. व्हिडिओतला पोरगा उधाणाच्या ओहोटीला गेला असणार. त्याला जिथे कोरडा खडक मिळाला तिथे आम्हाला गुडघाभर पाणी होतं, आणि लाट आली की मांडीपर्यंत.

सुरुवातीचा भाग फसवा आहे. बागेखालचे खडक रुंद, वरून वाळलेले. फोटो काढणारे तिथपर्यंत येतात, त्यामुळे हुरूप येतो. पुढे मात्र खडकांचे दात सुरू होतात. काळा, ओला, हिरवट झाक असलेला दगड दिसला की त्यावर पाय नकोच. ते शेवाळ आहे, साबणापेक्षा वाईट. पांढरट खरखरीत भागावर पाय घट्ट बसतो, म्हणून तिकडे वळावंसं वाटतं. पण तो खरखरीतपणा शंखल्यांचा आणि कालवांचा. कालवाच्या शिंपीची कड आमच्या घरच्या विळीपेक्षा धारदार असते. पाय घसरला म्हणून मी हात टेकला तो नेमका तिथे. जखमा खोल नव्हत्या, पण खाऱ्या पाण्यात जे झोंबलं ते झोंबलं.

साधारण निम्म्यावर एक काका गरी टाकून बसलेले. आमच्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "पावणेनु, खंय चल्लात?" चिवल्याला, म्हटलं. "तुमका कोणी सांगल्यान? भांगाचां पाणी ह्यां. सुकती इली तरी पुढचे दगड सुटूचे नाय." भांग हा शब्द ऐकला आणि आजोबा डोळ्यांसमोर उभे राहिले. हाच शब्द त्यांनी मला पन्नासदा सांगितला असेल.

तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. फिरलो नाही, कारण मागचा शेवाळाचा पट्टा पुन्हा ओलांडायची भाच्याची तयारी नव्हती. "मामा, पुढे काहीही असू दे, ते परत नको." पुढे एक घळ लागली. दोन खडकांमधली, चार हात रुंद, आत पाणी उसळतंय. लाट ओसरण्याची वाट बघायची, उतरायचं, पुढची लाट यायच्या आत पलीकडे चढायचं. त्याची सँडल तिथेच गेली. तोवर साडेबारा वाजून गेलेले, म्हणजे पाणी परत चढायला लागलेलं. शेवटी किनाऱ्याच्या वरच्या अंगाला एका माडाच्या वाडीच्या कडेने वाट दिसली, तिथून रस्त्यावर निघालो आणि चिवल्याला डांबरी रस्त्यानेच पोचलो! एका पायात सँडल, एक पाय अनवाणी. बायका आमच्या आधी रिक्षाने येऊन शहाळी पीत बसल्या होत्या.

तरीही कुणाला जायचंच असेल तर तिथी निवडा. द्वितीया-तृतीया उत्तम, कुठल्याही पक्षातली. तृतीयेची पूर्ण भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या आसपास. उधाणाचा जोर अजून असतो, पाणी लांब जातं, ऊन कोवळं असतं. ओहोटीच्या तासभर आधी निघा, ओहोटीच्या तोंडावर नाही. आमची दुसरी चूक हीच. पायांत रबरी तळव्याचे, नाडी बांधायचे बूट हवेत, भिजले तरी चालतील असे. पट्ट्याच्या सँडल नकोत, स्लीपर तर मुळीच नकोत. दोन्ही हात मोकळे ठेवा आणि मोबाईल पिशवीत टाका. लहान मुलं, साडी, गुडघेदुखी यांपैकी काहीही सोबत असेल तर विषयच संपला. पावसाळ्यात तो किनारा लांबूनच बघा.

बाकी रॉक गार्डन छान आहे. पश्चिमेला तोंड, संध्याकाळी सहाच्या आत जाऊन बाक पकडा.

चिवल्याबद्दलही तक्रार नाही. अर्धचंद्रासारखा, बऱ्यापैकी शांत किनारा. डिसेंबरात इथे समुद्रातल्या पोहण्याच्या राज्यस्तरीय स्पर्धा होतात. त्या दिवसांत गेलात तर खोलीचं आधी बघा. नशीब असेल तर सकाळी रापण ओढताना दिसेल. दोन्ही टोकांना माणसांची रांग, मधे समुद्रात पसरलेलं जाळं, आणि ते इंचाइंचाने किनाऱ्याला येतं. दोरीला हात लावायची हौस असेल तर आधी विचारा, आणि लावलात तर शेवटपर्यंत ओढा. फोटोपुरती दोरी धरणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग आहे, आणि तो रास्त आहे.

आता पैशांचं. बंदर जेटीवर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीचं तिकीट खिडकीवर मिळतं, तिथेच काढा. आम्ही आदल्या रात्री राहत्या ठिकाणी "सगळं एकत्र" नावाचं पॅकेज घेतलं. किल्ला, डॉल्फिन, स्नॉर्कलिंग, जेवण. सकाळी जेटीवर उभं राहून फुटकळ भाव विचारले तर चौघांचे मिळून बाराशे रुपये जास्त गेलेले. डॉल्फिनच्या नावाखाली होडी पाऊण तास फिरली, एक शेपटी दिसली, तीही ताईलाच, आणि ती शपथेवर सांगायला तयार नाही. स्नॉर्कलिंगचा व्हिडिओ "फुकट" होता. पाण्यातून बाहेर आल्यावर मात्र तो मोबाईलवर घ्यायचे वेगळे पैसे मागितले. मी दिले नाहीत. भाच्याने मागून गुपचूप दिले, हे मला कोल्हापुरात कळलं. पाण्यात उतरायच्या आधी विचारा: व्हिडिओ धरून किती? आणि उत्तर चौघांसमोर घ्या.

पाण्याखालचं दृश्य मात्र फसवणूक नाही. १९८७ साली इथला समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहे, मासे आहेत, आणि डिसेंबरात पाणी निवळलेलं असतं. प्रवाळावर पाय ठेवू नका. सोबतचा मुलगा "ठेवा, काही होत नाही" म्हणाला तरी ठेवू नका.

किल्ल्यावर होडीवाला तासभर देतो आणि तो तास पुरत नाही. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी पायाभरणी केली, तीन वर्षांत एवढा दुर्ग कुरटे बेटावर उभा राहिला. तट नागमोडी, जवळजवळ तीन किलोमीटरचा, आत अठ्ठेचाळीस एकर. तासाभरात सगळा तट चालून होत नाही, प्रयत्नही करू नका, उन्हात जीव जातो. आधी शिवराजेश्वराचं मंदिर, मग दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, मग तटाचा एकच टप्पा. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. होडीत बसून तो शोधायचा खेळ पोरांना आवडेल. परतीची होडी चुकवू नका, दुसऱ्या होडीत घेताना कुरकुर करतात. आणि पायाभरणीची पूजा झाली तो मोरयाचा धोंडा किनाऱ्यावर आहे, किल्ल्यात नाही. आम्ही किल्ल्यात तीन जणांना विचारत फिरलो आणि आमच्या तासातली दहा मिनिटं घालवली.

येण्याचं थोडक्यात. कोल्हापूरकडून फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण. रेल्वेने आलात तर कुडाळला उतरून एसटी. शनिवार-रविवारी दहानंतर जेटीजवळ गाडी लावायला जागा मिळणं कठीण, गाडी मुक्कामीच ठेवा आणि गावात पायी फिरा. मालवण चालण्याएवढंच आहे. रिक्षा ठरवताना "तिकडे" म्हणू नका, "चिवला" किंवा "रॉक गार्डन" असं नाव घेऊन भाडं ठरवा.

जेवणाबद्दल माझं मत धरू नका. तो गुरुवार होता, मिसेसचं मार्गशीर्षाचं व्रत, आणि एकट्याने समोर बसून सुरमई खायची माझी हिंमत झाली नाही. सोलकढी तीन वाट्या प्यालो. भाच्याने बांगडा, कोळंबी आणि परत बांगडा असा क्रम लावला, त्याला विचारा.

दुसऱ्या दिवशी तारकर्ली-देवबाग झालं. ठीक होतं, वाळू पांढरी, काही घडलं नाही.

निघताना बाजारपेठेतून खाजं घेतलं, गुळाचं, आल्याचा वास असलेलं. तळहाताला पट्टी होती म्हणून पुडा भाच्याने धरला, आणि कणकवली यायच्या आत निम्मा संपवला. त्याने नवी स्लीपर घेतली तीही बाजारातच. दुकानदाराने त्याच्या उरलेल्या एका सँडलकडे बघितलं आणि काही न विचारता म्हणाला, "रॉक गार्डन?"