आमची वाटचाल : जुन्या गाड्यांच्या सोबतीने

गॅरेज सुरू केलं तेव्हा दारात येईल ती गाडी आम्ही घ्यायचो. पण नवी गाडी वॉरंटी असेपर्यंत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जाते. आमच्याकडे यायच्या त्या दोन-तीन मालक पाहिलेल्या, ठिकठिकाणी उघडलेल्या गाड्या. त्यांचे मालक एकच सांगायचे, "सगळं बदलून झालं, तरी तसंच करते." या तक्रारीला नीट उत्तर द्यायचं ठरवलं आणि आम्ही फक्त जुन्या गाड्यांचंच काम घ्यायला लागलो.

आमच्या कामाची पद्धत एका गाडीने ठरवली. सकाळी एका चावीत चालू व्हायची, पण तासभर चालवून बंद केली की सेल्फ घ्यायची नाही. बॅटरी नवी, सेल्फ मोटरही नवी. आम्ही मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावली, दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकला, आणि पोराला चावी फिरवायला सांगितलं. काटा दीड व्होल्टवर गेला. तिथे पाव व्होल्टही दिसायला नको. सेल्फ मारताना दीडशे अँपिअरच्या आसपास करंट ओढला जातो, त्यामुळे वाटेत ओहमचा शंभरावा भाग एवढा अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. गरम झाल्यावर वायरी आणि मोटर यांचाही अडथळा वाढतो, म्हणून दोष तेव्हाच दिसायचा. बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिनला जोडणारी अर्थिंगची पट्टी खोलली तर बोल्टखाली गंज आणि रंगाचा थर. पॉलिश पेपरने घासून पट्टी परत आवळली. एकही पार्ट लागला नाही. तेव्हापासून आमच्याकडे आधी माप घेतलं जातं, पाना नंतर.

दुसरी सवय वहीची. प्रत्येक गाडीची वेगळी वही असते आणि तीत मालकाचं बोलणं त्याच्याच शब्दांत उतरवतो. 'पावसात मिसिंग मारते', म्हणजे इंजिन मध्येच झटके खातं, असं लिहिलं असेल, तर आम्ही अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करतो आणि प्लगच्या वायरींवर पाणी फवारतो. तडा गेलेल्या वायरीवरून निळी ठिणगी उडताना डोळ्यांना दिसते. जुनी गाडी रोज चालवणाऱ्याला तिची खोड बरोबर माहीत असते, फक्त त्याला कुणी पुरतं बोलू देत नाही. आम्ही बोलू देतो, वेळ लागला तरी.

सगळ्यात जास्त काम रबराचं निघतं. 'गाडी फार चालवलेली नाही' असं मालक कौतुकाने सांगतात, पण रबर किलोमीटर मोजत नाही. ब्रेकचा होज, म्हणजे चाकापर्यंत ब्रेकचं तेल नेणारा रबरी पाइप, बाहेरून धड दिसतो आणि आतून फुगून त्याचं भोक बारीक होतं. पेडल दाबलं की दाब पुढे जातो, सोडल्यावर मात्र तेल पटकन परत येत नाही. ते एकच चाक धरून राहतं, हात लावला तर चटका बसतो. अशा वेळी नुसते ब्रेक पॅड बदलून उपयोग नाही. ब्रेक ऑइलचंही तसंच. डॉट ४ प्रकारचं कोरं ऑइल २३० अंशांपर्यंत उकळायला नको, पण हवेतला ओलावा शोषून त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच मर्यादा १५५ वर येते. लांबच्या उतारावर ब्रेक तापले की हे ऑइल उकळतं, त्याची वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचा आग्रह आम्ही सोडत नाही.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर आला तेव्हा आम्हीही घेतला आणि तो रोज वापरतो. पण कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणून सेन्सर बाद ठरत नाही. मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय असा कोड आला, की आम्ही आधी इंजिनच्या हवा ओढणाऱ्या बाजूचे व्हॅक्युमचे पाइप चाचपतो. भेगेतून शिरणारी हवा सेन्सरने अचूक पकडलेली असते.

काही खोडींसोबत खुशाल राहावं, हेही आम्ही मालकाला सांगतो. काच सावकाश वर जाते, टॅपेट कव्हरपाशी तेल पाझरतं, थंडीत जरा जास्त वेळ चोक लागतो. याने काही बिघडत नाही. ब्रेक, स्टेअरिंग, पेट्रोलची गळती आणि टायमिंग बेल्ट यांत मात्र चालढकल नको. हा बेल्ट वाल्व आणि पिस्टन यांचा ताल सांभाळतो, आणि काही इंजिनांत तो तुटला की वाल्व थेट पिस्टनवर आदळतात. चासीच्या मुख्य पट्ट्यांत गंज आरपार गेला असेल, तर वरून पत्रा ठोकून रंग द्यायचं काम आम्ही घेत नाही. त्यामुळे काही गिऱ्हाइकं तुटली. या बाबतीत आमचा विचार बदललेला नाही.

आता अडचण पार्टची आहे. काही मॉडेलचे पार्ट यायचे बंद झाले, म्हणून जुने अल्टरनेटर, कार्ब्युरेटर, मास्टर सिलिंडर आम्ही भंगारात देत नाही. धुऊन, चिठ्ठी लावून ठेवतो आणि रिकाम्या वेळात नवी पोरं ते खोलून बांधायला शिकतात. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, हातात धरून जुन्या इग्निशनच्या पॉइंटची फट लावणारे मेकॅनिक कमी होत चाललेत. ज्यांना हे काम शिकायचं आहे, त्यांच्यासाठी गॅरेजमध्ये एक वेगळं टेबल मांडलं आहे.