साइन मला रहाटावर समजला (माझा अनुभव)

दहावीपर्यंत त्रिकोणमितीतला साइन म्हणजे काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू भागिले कर्ण, एवढंच पाठ होतं आणि त्यावर मार्कही पडले. अकरावीला साइन २१० आला नि सगळं बिघडलं. काटकोन त्रिकोणात २१० अंशांचा कोन बसणारच कुठे? क्लासमध्ये विचारलं तर तक्ता पाठ कर म्हणाले, दोन महिने तेच केलं.

आमचं गाव देवगडकडचं, खाडीला लागून. आजोबांच्या बागेत विहिरीवर जुना रहाट (कडेला लोटे लावलेलं, पाणी उपसायचं चाक) आहे, बंद पडलेला पण चाक फिरतं. एका लोट्याला लाल चिंधी बांधली आणि आसाच्या उंचीपासून सुरुवात करून चाक हळूहळू फिरवलं. ३० अंश फिरलं तेव्हाच लोटा आसाच्या वर चाकाच्या निम्म्या त्रिज्येएवढा चढला होता, उरलेली निम्मी उंची चढायला आणखी ६० अंश लागले. म्हणजे साइन ३० बरोबर अर्धा! पुढे लोटा पलीकडून उतरत आसाच्या खाली गेला, तिथे साइन उणे, आणि २१० ला उणे अर्धा. त्रिकोण लागतोच कशाला, फिरणाऱ्या लोट्याची आसापासूनची उंची चाकाच्या त्रिज्येच्या किती पट, तो साइन, हे मला तिथे उभं राहून कळलं आणि खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं.

मग भरतीचं पाणीही लोट्यासारखंच चढतं का, ते मोजायचं ठरवलं. अमावास्येनंतरचं उधाण होतं, पहाटे पाचला ओहोटी संपली तेव्हापासून धक्क्याच्या खांबावर दर तासाला खडूने खूण केली. चढ आला १३, ३५, ४८, ४७, ३४, १२ सेंटीमीटर. सुरुवातीला नि शेवटी पाणी जवळजवळ थांबलेलं, मध्ये नुसतं धावतं. होडीवाले काका हसले, "मदल्या येळाक पानी धावता गो, ह्यां आमका ठावक हा." त्यांना वहीत आलेख काढून दाखवला, तर म्हणाले हीच लाट. एक भरती ते पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटं, तेवढ्यात लोट्याचा एक पूर्ण फेरा झाला असं धरलं की हिशेब बऱ्यापैकी जुळतो. पूर्ण नाही, कारण चंद्र आणि सूर्य दोघांच्या लाटा एकमेकींत मिसळतात, म्हणून तर उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) वेगळे.

नंतर वाचलं की इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटांनी ३४३८ त्रिज्येचं वर्तुळ धरून पावणेचार-पावणेचार अंशांवर अर्धज्येच्या (म्हणजे त्रिज्येने गुणलेल्या साइनच्या) २४ किमती बांधल्या, ३० अंशाला १७१९, म्हणजे आमच्या लोट्यासारखं बरोबर निम्मं. ज्या किंवा जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. अरबीत जीवाचं जीबा झालं, ते पुढे जैब (कपड्याची खोलगट घडी, खिसा) वाचलं गेलं, आणि लॅटिनमध्ये सायनस असं भाषांतर झालं, ज्याचा एक अर्थ आखात. हे वाचलं तेव्हा मी खाडीकडेच तोंड करून बसले होते, ओहोटी सुरू झाली होती आणि खांबावरच्या माझ्या खडूच्या खुणा पाण्याने पुसून गेल्या होत्या.