डबल बेल

मी पुण्यात एका पेन क्लिनिकमध्ये सायकॉलॉजिस्ट आहे. तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं घेऊन लोक येतात, आणि माझ्या खोलीत शिरताना बहुतेकांना एकच भीती असते की आता ही पण म्हणणार सगळं मनाचंच आहे. मी नाही म्हणत, दुखणं खरंच असतं. (पुढे ज्या पेशंट काकांबद्दल सांगतेय त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

काका एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. कंबर सहा वर्षं दुखतेय, एमआरआय, फिजिओ, पट्टा, गोळ्या, मालिशवाला सगळं झालं, ऑपरेशन करण्यासारखं काही नाही असं दोन सर्जननी सांगितलेलं. मी त्यांना ॲक्ट म्हणजे ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी समजवायला लागले आणि बोलून गेले, "दुखण्याचा स्वीकार करायचा." काका उठलेच. "म्हंजे आता असंच कुजायचं, असंच ना मॅडम?" काकूंनी हाताला धरून बसवलं म्हणून थांबले.

चूक माझी होती. आपल्याकडे स्वीकार म्हटलं की नशिबात आहे, गप सोसा, एवढंच ऐकू येतं. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत बांधायला घेतली तिचा रोख जवळपास उलटा आहे, की दुखणं गेल्यावर जगायला लागेन ही वाट बघणं सोडायचं. कुठल्या आजारावर काय उपचार करावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही २०२१ च्या गाइडलाइनमध्ये ठोस कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी ॲक्टचा विचार करा म्हटलंय. पण हे सगळं त्या क्षणी काकांना सांगून काय उपयोग होता?

मग मी विचारलं, कंबरेपायी काय काय सुटलं? बराच वेळ गप्प. मग म्हणाले, बहीण. तिचं गाव एसटीने दोन तास, तीन भाऊबीजा झाल्या गेलेले नाहीत, तीच येते. कंबर बरी झाली की जाईन म्हणत होते.

ॲक्टमध्ये बसचं एक उदाहरण देतात, तुम्ही ड्रायव्हर, दुखणं आणि भीती हे ओरडणारे प्रवासी, ते धमकावतात म्हणून तुम्ही रस्ता बदलता. मी सांगत होते आणि काकांनी मला मध्येच थांबवलं. "ओ मॅडम, प्याशिंजरशी ड्रायव्हरचा काय संबंध? ते कंडक्टर बघतो. पिऊन चढलेला असतो, भांडणारा असतो, त्याला उतरवत बसलो तर गाडी तिथंच. सरकून घ्या म्हणायचं, त्याला बसवायचं आणि डबल बेल द्यायची." आणि मग स्वतःच गप्प झाले. काकूंनी डोळ्याला पदर लावला. इतक्या वर्षांत इतकं नेमकं मला कुणी समजवलेलं नाही, खरंच सांगते. त्या दिवसापासून मी स्वीकार हा शब्द वापरत नाही, जागा करून देणं म्हणते.

पुढचं काम बारीक आणि हळू होतं. आधी एसटीने एकच थांबा, मग दोन, कंबर बरी असो नसो, ठरलेल्या दिवशी जायचंच. मणका सटकणार असं डोक्यात आलं की "मन म्हणतंय मणका सटकणार" असं मनात म्हणायचं, म्हणजे तो विचार थोडा लांब उभा राहतो. दोनदा ते अर्ध्यातून परत आले, एकदा तर दोन आठवडे क्लिनिकलाच आले नाहीत आणि मला वाटलं संपलं.

दिवाळीनंतर आले. दुखणं दहापैकी किती, विचारलं, तर सहा, सुरुवातीला सात होतं. भाऊबीजेला गेले होते. शेवटचा अर्धा तास बसवेना तर दांडा धरून उभे राहिले, पाटावर बसता येत नाही म्हणून बहिणीने खुर्चीतच ओवाळलं.

पुढची तारीख मी डिसेंबरातली देत होते.

"त्या आठवड्यात नको," काका म्हणाले, "बहिणीकडं हुरडा आहे."