आमची वाटचाल : 25 तलंगांपासून

2016 साली गुहागरजवळ घरामागच्या वाडीत 25 तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणल्या. धंद्यातलं तेव्हा आम्हाला एवढंच कळत होतं, की गावठी अंड्याला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. खाद्य म्हणजे कण्या, कोंडा आणि घरातलं उरलंसुरलं. अंडी लवकर सुरू व्हावीत म्हणून यजमानांनी खुराड्यात रात्री दहापर्यंत बल्ब लावला. तलंगा जेमतेम चार महिन्यांच्या!

अंडी सुरू झाली त्याच महिन्यात एक तलंग शेपटी टाकून, पाय फाकवून उभी. दाण्याकडे बघेना, सारखी खोक्यात जाऊन कुंथायची. आम्हाला वाटलं, मानमोडी आली. सासूबाईंनी पोटाखाली हात घातला. "अगो, रोग कसला, अंडं अडलंय हिचं."

घमेल्यात कोमट पाणी घेतलं, कोपराला सोसेल इतपत. त्यात तिला पोट बुडेल अशी वीसेक मिनिटं धरून बसले. आधी फडफडून मला न्हाऊ घातलं, मग डोळे मिटून गप्प. फडक्याने टिपून, मागच्या जागी खोबरेल लावून चुलीशेजारी डालग्याखाली ठेवली, वर पोतं. रात्री साडेदहाला अंडं पडलं. कवच खरखरीत, बोटाने दबेल असं.

दुसरीच्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो ना! अंडं बोटाला लागतंय म्हणून यजमान दाबून काढायला गेले, ते आतच फुटलं. तिसऱ्या दिवशी कोंबडी गेली. तेव्हापासून आमच्याकडे कोणी पोट दाबत नाही. रात्रीत अंडं पडलं नाही, तर सकाळी कोंबडी थेट गुरांच्या दवाखान्यात.

तिथल्या डॉक्टरांनी बल्ब आणि कण्या, दोन्हींवरून झापलं. बल्बने कोवळ्या तलंगा अंग तयार होण्याआधीच अंड्यावर येतात, मग अंडं अडतं. एका कवचाला दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं आणि ते चढतं मुख्यतः रात्री. कण्या खाऊन ते यायचं कुठून? आणि कॅल्शियम कमी पडलं, की अंडं बाहेर ढकलायलाही अंगात जोर राहत नाही. इकडे कालवणातल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या आम्ही दर आठवड्याला उकिरड्यावर फेकत होतो! त्या धुऊन, वाळवून, कणीएवढ्या कुटून संध्याकाळी वेगळ्या थाळीत ठेवायला लागलो. लागेल ती कोंबडी लागेल तेवढं टिपते. जोडीला लेअरचं, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांचं, तयार खाद्य घेतलं. महाग वाटलं, पण पातळ कवचाची फुटकी अंडी मोजल्यावर वाटेनासं झालं.

आज 180 कोंबड्या आहेत, तलंगाही विकतो. घेणाऱ्याला अर्धा किलो शिंपल्यांचा चुरा फुकट. औषध चालू असलेल्या कोंबडीची अंडी डॉक्टर सांगतील तितके दिवस विकत नाही, त्यावरून नेहमीची गिऱ्हाइकं कुरकुरतात.

रात्री-अपरात्री फोन येतात, "वहिनी, कोंबडी कुंथतेय." मी आधी पाणी तापत ठेवायला सांगते आणि मगच विचारते, बल्ब कितीपर्यंत लावता?